कोवळे कैदी आणि सुटकेचा हक्क

27 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका कैद्यास तत्काळ मोकळे करण्याचा हुकूम केला. 1994 च्या ऑगस्ट महिन्यात पुणे शहरात एकाच घरातील पाच स्त्रिया व दोन मुले यांची हत्या झाली होती. त्या भयंकर गुन्ह्याबद्दल 1998 साली ह्या मनुष्यास फाशीची शिक्षा झाली, 2000 साली सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली, आणि तेव्हापासून तो फासाच्या छायेत दिवस मोजीत राहिला. पुढे त्याने वयाचा प्रश्न उपस्थित केला. न्यायालयाच्या आज्ञेवरून पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली. आणि राजस्थानातील एका खेडेगावच्या शाळेच्या नोंदवहीवरून असे सिद्ध झाले की, गुन्ह्याच्या दिवशी त्याचे वय 12 वर्षे 6 महिने होते. ज्यास कायद्याने फार तर तीन वर्षे ताब्यात ठेवता आले असते, तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. त्याचे नाव आम्ही येथे देत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते एका मुलाचे नाव आहे.

ज्या घरातील सात माणसे एका दिवसात गेली, त्यांचे दुःख ह्या हुकुमाने तिळमात्र हलके झालेले नाही, आणि ते हलके करून दाखविण्याचा आमचा हेतूही नाही. परंतु एक प्रश्न मनातून जात नाही. इतक्या वर्षांत ह्या आरोपीस किती अंमलदारांनी पाहिले असेल! पोलिसांनी पाहिले, दंडाधिकाऱ्यांनी पाहिले, तुरुंगात आत घेताना कारकुनाने पाहिले, वैद्याने पाहिले. ह्यांपैकी एकानेही 'मुला, तू कोणत्या इयत्तेत होतास?' असे विचारून त्या शाळेस एक कार्ड टाकिले असते, तर एवढ्या मोठ्या न्यायालयास पुढे एवढी मोठी चूक निस्तरावी लागती ना. अल्पवयीन कैद्यांच्या सुटकेविषयी हल्ली बरीच चर्चा होते. पॅरोल कोणास द्यावा, केव्हा द्यावा, कितीदा द्यावा, ह्यावर लोक हिरिरीने बोलतात. आमचे म्हणणे असे आहे की, सुटकेचा प्रश्न मुलास आत घेतात त्याच क्षणी सुरू होतो, आणि बहुतेक वेळां तो त्याच क्षणी चुकतो.

कायदा ह्या बाबतीत अपुरा आहे, असे कोणी म्हणू नये. 2015 चा बाल न्याय अधिनियम स्पष्ट सांगतो की, अठरा वर्षांखालील मुलास कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता कामा नये. वय ठरविण्याची रीतही त्यात घालून दिली आहे: प्रथम शाळेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र पाहावे, ते नसेल तर नगरपालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला पाहावा, आणि दोन्ही नसतील तरच हाडांच्या वाढीवरून वैद्यकीय परीक्षा करावी. अल्पवयाचा हा दावा खटल्याच्या कोणत्याही अवस्थेत, निकाल कायम झाल्यावरदेखील, मांडता येतो. इतके असून प्रत्यक्षात काय घडते? आय-प्रोबोनो ह्या संस्थेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे 2016 पासून 2021 पर्यंतच्या सहा वर्षांत देशातील किमान 9,681 मुले मोठ्यांच्या तुरुंगांत चुकीने ठेवलेली आढळली. ही संख्या केवळ उघडकीस आलेल्यांची आहे. फिर्यादीच्या कागदावर 'वय वर्षे 19' असे लिहावयास पोलीस शिपायास क्षण लागतो. तो आकडा खोडावयास मुलाच्या आईस कित्येक महिने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. तिच्यापाशी दाखला नसतो, वकील नसतो, आणि पुष्कळदा मुलाची जन्मतिथी आषाढी एकादशीच्या आगेमागे, ह्यापलीकडे तिला सांगताही येत नाही.

मुलगा मुलगाच आहे असे ठरले, म्हणजे त्याचा मार्ग निराळा होतो. हा निराळा मार्ग काल-परवाचा नव्हे. आपल्या मुंबई इलाख्यात त्यास पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो व्यापारी वर्गाने वाचण्यासारखा आहे. 1850 साली उमेदवारीचा कायदा झाला. दहा ते अठरा वर्षांच्या निराधार वा लहानसहान गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांस धंदा शिकण्याकरिता एखाद्या कारागिराच्या हाताखाली ठेवण्याची सोय त्यात होती. पाठोपाठ 1857 साली मुंबईत डेव्हिड ससून ह्या व्यापाऱ्याच्या औदार्याने अशा मुलांसाठी उद्योगशाळा निघाली. तुरुंगाऐवजी शाळा, आणि शाळेत पुस्तकाबरोबर हत्यार, ही कल्पना आमच्याकडे आली ती अशी पेढीवरून.

पुढे 1876 चा व नंतर 1897 चा सुधारशाळांचा कायदा आला. 1897 च्या कायद्यात एक कलम असे होते की, सुधारशाळेतील मुलगा चौदा वर्षांचा झाला, म्हणजे त्यास परवान्यावर बाहेर सोडून एखाद्या भरवशाच्या व प्रतिष्ठित गृहस्थाच्या हवाली करता येई. मात्र तो गृहस्थ स्वतः लोकांस कामावर ठेवणारा असावा, आणि त्याने मुलास ठरवून दिलेल्या धंद्यात गुंतवून ठेवावे. परवाना मुदतीचा असे व तो वाढविता येई. धन्याने मुलास वाईट वागविल्यास रद्दही होई. आज ज्यास आपण पॅरोल म्हणतो त्याचेच हे मूळ रूप नव्हे काय? फरक इतकाच की, त्या काळच्या कायद्याने सुटकेच्या कागदावर एका दुकानदाराच्या सहीस जागा ठेविली होती. मुलास केवळ दाराबाहेर काढून भागत नाही, तो कोणाच्या तरी दारात गेला पाहिजे, एवढे व्यवहारज्ञान त्या कायद्यास होते. बाकी तो कायदा परक्या सरकारचा होता आणि त्या शाळांत छडीही भरपूर चाले, हे आम्ही विसरलो नाही.

1919-20 साली तुरुंगांची पाहणी करणाऱ्या समितीने मुलांचे खटले निराळ्या न्यायालयांत चालवावे अशी शिफारस केली. मद्रासने 1920 साली, बंगालने 1922 साली व मुंबईने 1924 साली मुलांचे कायदे केले. 1927 साली मुंबईत मुलांचे न्यायालय बसले व चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. 1929 साली सोळा ते एकवीस वर्षांच्या तरुणांकरिता बोर्स्टल शाळांचा कायदा झाला. बोर्स्टल हे इंग्लंडातील केंट परगण्यातील एका खेड्याचे नाव; तेथील तुरुंगात 1902 साली हा प्रयोग सुरू झाला. त्याचाही मुख्य भाग हाच होता की, तरुणाने काही मुदत नीट काढली, तर उरलेली मुदत परवान्यावर बाहेर, कोणाच्या तरी देखरेखीखाली काढावी. सुधारशाळा, रिमांड होम, निरीक्षणगृह अशी नावे पुढे पालटत गेली. लोकांच्या तोंडी अद्यापि रिमांड होमच आहे, आणि आतल्या मुलाच्या दृष्टीने लोकांचेच नाव खरे असावे, अशी आम्हांस शंका आहे.

आता आजच्या कायद्याकडे वळू. ह्यात पहिला हक्क जामिनाचा. मोठ्या माणसाच्या बाबतीत गुन्हा किती गंभीर हे पाहून जामिनाचा विचार होतो. मुलाच्या बाबतीत तसे नाही. बाल न्याय मंडळाने त्यास जामीनदारासह किंवा जामीनदारावाचून सोडावे, किंवा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवावे, किंवा एखाद्या योग्य व्यक्तीच्या हवाली करावे, हा नियम होय. नकार देण्यास कारणे तीनच आहेत: सुटल्यावर तो माहीतगार गुन्हेगारांच्या संगतीस लागेल, किंवा त्याच्या शरीरास, मनास वा नीतीस धोका पोहोचेल, किंवा त्याच्या सुटकेने न्यायाचा हेतूच निष्फळ होईल. ह्यांपैकी कोणते कारण लागू पडते हे मंडळाने लेखी नमूद केले पाहिजे.

पुण्यात 2024 च्या मे महिन्यात काय झाले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. सतरा वर्षांच्या एका धनिकपुत्राच्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, आणि त्याच दिवशी मंडळाने त्यास जामीन दिला. अटींमध्ये रस्त्यावरील अपघात ह्या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. देशभर संताप उसळला. तीन दिवसांत त्याची रवानगी निरीक्षणगृहात झाली. 25 जून 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रवानगी बेकायदा ठरवून त्यास आत्याच्या ताब्यात देण्याचा हुकूम केला. त्या वेळी झालेल्या क्षोभात आम्हांस खोटे काही दिसत नाही. दोन घरे उजाड झाली असता निबंधाची अट वाचून कोणाचे रक्त तापणार नाही? रक्ताचे नमुने पालटल्याचे जे आरोप पुढे आले, त्यांनी तर लोकांचा विश्वास मुळापासून हलविला. तथापि उच्च न्यायालयाने जे केले, ते कायद्यास धरून केले, आणि तेच योग्य होय. एकदा दिलेला जामीन कायम असता मुलास पुन्हा डांबून ठेवणे हे कोणत्याही मुलाच्या बाबतीत गैर, मग तो कोणाचाही असो.

आमची तक्रार निराळी आहे. श्रीमंताच्या मुलास कायद्याचा लाभ मिळाला, हे आमचे दुःख नाही. तोच लाभ गरिबाच्या मुलास मिळत नाही, हे आहे. कल्पना करा: मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या विधवेचा पंधरा वर्षांचा मुलगा एका सायकलीच्या चोरीत सापडला. मंडळाने त्यास जामीन दिला. पण पंधरा हजारांचा जामीनदार हवा. आईपाशी ना घर स्वतःच्या नावाचे, ना सातबारा, ना पगाराची पावती. आडत्याकडे गेली, तर तो म्हणतो, 'बाई, तुझ्याबद्दल शंका नाही, पण कोर्टाच्या भानगडीत मला नको.' मुलगा आतच राहतो. हुकूम सुटकेचा, आणि परिणाम कैदेचा! कायद्याने ह्यावरही उपाय योजिला आहे. जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या करता आल्या नाहीत, तर मुलास पुन्हा मंडळापुढे आणून त्या अटी पालटल्या पाहिजेत. सात दिवस, महिना नव्हे! आठव्या दिवशी त्या मुलाचे नाव मंडळापुढे आले की नाही, हे पाहावयाचे काम कोणाचे? वकिलाचे म्हणाल, तर त्यास फी नाही. आईचे म्हणाल, तर तिला कलम ठाऊक नाही. बालकास सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा कायद्याने दिलेला आहे; परंतु तो हक्क मागावा लागतो, आणि मागणाऱ्यास तोंड लागते.

मनात आणिले तर काय होऊ शकते, हे 2020 साली दिसले. साथीच्या भयाने सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी 3 एप्रिल रोजी देशातील सर्व मंडळांस आज्ञा केली की, निरीक्षणगृहांतील प्रत्येक मुलाच्या सुटकेचा विचार करा, आणि ठेवावयाचेच असेल तर ठोस कारण असू द्या. ही आज्ञा नवी नव्हती. 2015 च्या कायद्यात जे होते, तेच न्यायालयाने पुन्हा सांगितले. जे रोज घडावयास पाहिजे, त्याची आठवण देण्यास साथ यावी लागली.

दोष सिद्ध झाल्यावरची गोष्ट पुढची. मुलास विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते. पण ती तीन वर्षे संपेपर्यंत दार बंदच राहिले पाहिजे, असे कायदा म्हणत नाही, आणि हे फार थोड्यांस ठाऊक असते. अधिनियमाच्या 97 व्या कलमाप्रमाणे परिवीक्षा अधिकारी, समाजसेवक किंवा एखादी संस्था यांच्या अहवालावरून मंडळास मुलास मुदतीआधी सोडता येते. आणि सोडताना त्यास आईबापांकडे, किंवा त्यास सांभाळून उपयुक्त धंदा शिकविण्यास राजी असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली ठेवता येते. त्याने अटी मोडल्या, तर त्यास परत आणता येते. वाचकहो, 1897 चा तो प्रतिष्ठित गृहस्थ येथे पुन्हा भेटतो! 98 व्या कलमाने रजेची सोय केली आहे: परीक्षा असेल, घरात लग्न असेल, कोणी आप्त वारला असेल, आई वा बाप अत्यवस्थ असेल, तर साधारणतः सात दिवसांपर्यंत, प्रवासाचे दिवस वगळून, मुलास घरी जाता येते. मोठ्या कैद्याच्या पॅरोलास सरकारी भाषेत अभिवचन रजा म्हणतात. मुलाची ही रजा तिच्याच जातीची, किंबहुना अधिक माणुसकीची आहे. बापाच्या तेराव्यास न पोहोचलेला मुलगा सुधारून बाहेर येईल, ही अपेक्षा कोणी कोणत्या तोंडाने करावी?

सोळा वर्षांवरील मुलाने अतिशय निर्घृण गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर त्याचा खटला मोठ्याप्रमाणे चालवावा की नाही, हे प्राथमिक परीक्षेनंतर ठरते. 2012 च्या डिसेंबरातील दिल्लीच्या अत्याचारानंतर जो लोकक्षोभ झाला, त्याचे हे फळ. त्या प्रकरणातील एक आरोपी अठरास काही महिने कमी होता. तीन वर्षे पुरी करून तो 2015 च्या डिसेंबरात सुटला, आणि त्याच महिन्यात राज्यसभेने हा कायदा मंजूर केला. परंतु ह्या कठोर कलमांच्या पोटातही एक शहाणपणाची तरतूद आहे, ती ओरडणाऱ्यांनी वाचलेली दिसत नाही. अशा मुलास एकवीस वर्षांपर्यंत सुरक्षित स्थानीच ठेवावयाचे, त्याच्या प्रगतीचा अहवाल दरवर्षी घ्यावयाचा, आणि तो एकवीस वर्षांचा झाला व शिक्षेची मुदत उरलेली असली, म्हणजे बाल न्यायालयाने पुन्हा विचार करावयाचा: हा मुलगा सुधारला काय? समाजात उपयोगी माणूस म्हणून राहू शकेल काय? उत्तर होकारार्थी आले, तर देखरेखीच्या अटीवर त्यास सोडता येते; नकारार्थी आले, तर उरलेली मुदत तुरुंगात. देहान्ताची, किंवा सुटकेची आशाच नाही अशा जन्मठेपेची शिक्षा मुलास देता येत नाही.

ह्या शेवटच्या वाक्याचे मोल कळण्यास अमेरिकेकडे पाहावे. तेथे सतरा वर्षांच्या मुलांस पॅरोलरहित जन्मठेप सर्रास होत असे. 2010 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मनुष्यवधाखेरीज इतर गुन्ह्यांत ती बंद केली. 2012 साली कायद्याने आपोआप होणारी अशी शिक्षा रद्द ठरविली. 2016 साली हा निर्णय जुन्या कैद्यांसही लागू केला. आणि 2021 साली, मुलगा सुधारण्यापलीकडचा आहे असा वेगळा निष्कर्ष काढण्याची गरज नाही, असे म्हणून पाऊल काहीसे मागे घेतले. 2016 चा निकाल ज्या कैद्याने मिळविला, त्याने 1963 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, एका पोलीस अंमलदारास ठार मारिले होते. जिंकल्यावरही त्यास पॅरोल दोनदा नाकारण्यात आला, आणि तो बाहेर आला तो 2021 च्या नोव्हेंबरात, पंचाहत्तर वर्षांचा होऊन. निकाल त्याच्या बाजूने 2016 सालीच लागला होता. सुटकेस आणखी पाच वर्षांहून अधिक काळ लागला. पात्रता आणि सुटका ह्यांत जे अंतर पडते, तेच आमच्या ह्या लेखाचे कारण आहे. आमच्या देशात पात्रता कागदावर पुष्कळ आहे.

अठरा पुरी होताच मुलगा कायद्याने मोठा होतो; बुद्धीने होतो असे म्हणावयास कोणताही बाप धजणार नाही. अठरा ते एकवीस ह्या वयासाठी 1958 चा परिवीक्षा अधिनियम आहे. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात एकवीस वर्षांखालील तरुणास तुरुंगात पाठवू नये. पाठवावयाचेच असेल, तर न्यायाधीशाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून कारण लिहून ठेवावे. पण हे कलम लागू होते दोष सिद्ध झाल्यावर, आणि आपल्या तुरुंगांत दोषी ठरलेले आहेत तरी किती? 2022 च्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी होते. येथे एक विलक्षण विसंगती नजरेस येते. अभिवचन रजा आहे ती शिक्षा झालेल्यास. ज्याचा अपराध अजून ठरावयाचा आहे, अशा एकोणीस वर्षांच्या पोरास ती नाही. त्याची आई वारली, तर त्यास न्यायालयाकडे तात्पुरता जामीनच मागावा लागतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने एवढे केले आहे की, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा आत काढला, म्हणजे त्यास बंधपत्रावर सोडावे. मात्र देहान्त वा जन्मठेपेचा आरोप असलेल्यांस आणि एकाहून अधिक खटले चालू असलेल्यांस हा लाभ नाही. तीन वर्षांच्या शिक्षेच्या चोरीत ह्याचा अर्थ एक वर्ष! कोवळ्या वयाच्या मुलाने सराईतांच्या बराकीत एक वर्षात काय काय शिकावे, ह्याचा हिशेब कोणी करील काय?

ह्यावर आमचे व्यापारी मित्र काय म्हणतील, ते आम्हांस ठाऊक आहे. 'तुम्हांस लिहावयास काय जाते? गल्ला आमचा फुटतो. पोरे सुटतात, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. हल्ली तर टोळ्यांचे मोठे लोक ह्या अल्पवयीनांसच पुढे घालतात, कारण त्यांस शिक्षा कमी.' ह्या बोलण्यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. मुलास पुढे करून गुन्हा करविणारे आहेत, आणि त्यांच्यासाठी ह्याच अधिनियमात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. ते कलम पोलिसांनी अधिक वेळां लावावे, ही मागणी व्यापारी मंडळांनी अवश्य करावी. परंतु मुलगा परत त्याच टोळीकडे का जातो, हेही विचारले पाहिजे. निरीक्षणगृहाच्या दारातून तो बाहेर पडतो, तेव्हा त्याची वाट पाहत कोण उभे असते? टोळीवाला असतो. तो मोटारसायकल घेऊन येतो, वकिलाचे पैसेही त्यानेच भरलेले असतात. दुकानदार मात्र तेथे नसतो, शाळामास्तर नसतो, नगरसेवक तर नसतोच.

म्हणून आमची सूचना दुकानदारांनाच आहे. सरकारने परिवीक्षा अधिकारी वाढवावे, सात दिवसांच्या अटीची नोंदवही प्रत्येक मंडळात ठेवून ती जिल्हा न्यायाधीशांनी दरमहा पाहावी, आणि जामीनदाराऐवजी जातमुचलका घेण्याची चाल पाडावी, हे आम्ही मागतोच. पण सरकार करील तेव्हा करील. नगरातील व्यापारी मंडळाने आपल्यापैकी दहा-पाच दुकाने, छापखाने, सुतारकामाचे कारखाने, मोटार दुरुस्तीच्या शेडी अशी यादी करावी की, जेथे एकेक मुलगा धंदा शिकण्यास घेतला जाईल. चौदा वर्षांखालील मुलास कामावर घेता येत नाही, आणि अठराच्या आत धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही, हे विसरू नये. मजुरी चोख द्यावी. सुटलेल्या मुलास फुकटचा गडी समजून राबविणाऱ्यासही ह्या कायद्यात तुरुंग आहे, आणि तो असावा हेच ठीक. 'हा चोर आहे' असे गिऱ्हाइकास सांगू नये. कारण मंडळाने निकाल दिलेल्या मुलाच्या पुढील आयुष्यास त्या निकालाचा डाग लागू नये, म्हणून मुदतीनंतर त्याचे कागदसुद्धा नष्ट करण्याची तरतूद कायद्याने केली आहे. कागद नष्ट होतात, आणि शेजाऱ्याची जीभ मात्र तशीच राहते!

एखादा मुलगा फसवील, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. तराजू उचलून नेईल, किंवा पंधरा दिवसांनी न सांगता नाहीसा होईल. मुनीम फसवितात, भागीदार फसवितात, तरी पेढी कोणी बंद करीत नाही.

यादी तयार झाली, म्हणजे ती जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात व मंडळाकडे पाठवावी. पत्र लांबलचक नको: दुकानाचे नाव, धंदा कोणता, शिकविणार कोण, महिन्याची मजुरी किती, सुटीचा दिवस कोणता, एवढे पुरे. रात्री मुलगा कोठे निजेल, हे मात्र स्पष्ट लिहावे. कारण परिवीक्षा अधिकारी चौकशीस आला, म्हणजे ते विचारल्याशिवाय राहणार नाही.